वीस वर्षांची उसनवारी

फेट/स्टे नाइट ही व्हिज्युअल नॉव्हेल जपानमध्ये विकायला आली ३० जानेवारी २००४ला. तिची अधिकृत इंग्रजी आवृत्ती आली ८ ऑगस्ट २०२४ला. मध्ये साडेवीस वर्षं गेली. ज्या दिवशी ती स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेम्सच्या ऑनलाइन दुकानात, आली, त्या दिवशी माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी ती विकत घेतली, आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाने ती आधीच वाचलेली होती. इंग्रजीतूनच वाचलेली. नवीन मुलांना याचं आश्चर्य वाटतं, म्हणून हे लिहितेय. थोडं लांबेल.

आधी ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी. व्हिज्युअल नॉव्हेल म्हणजे कॉम्प्युटरवर वाचायची कादंबरी. मागे चित्र, पुढे पात्र, खाली किंवा स्क्रीनभर मजकूर, कानात संगीत, बहुतेकदा पात्रांचे आवाजही. क्लिक केलं की पुढचं वाक्य येतं. मध्येच कुठेतरी तुम्हाला विचारलं जातं की कुणाबरोबर घरी जायचं, खरं सांगायचं की लपवायचं, आणि तुमच्या उत्तराने गोष्टीची वाट बदलते. त्या वाटेला रूट म्हणतात. चुनसॉफ्टने १९९२मध्ये असा प्रकार ‘साउंड नॉव्हेल’ म्हणून आणला. १९९६मध्ये लीफ कंपनीने आपल्या मालिकेला ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ म्हटलं आणि तेच नाव रुळलं. माझ्या आईने एकदा माझ्या मागे उभं राहून दहा मिनिटं बघितलं आणि विचारलं, “तू खेळतेयस की वाचतेयस?” वाचतेय म्हटल्यावर ती म्हणाली, “मग लाइट लावून वाच.” तिच्यापुरता प्रश्न तिथे मिटला.

मी फेट पहिल्यांदा वाचली ती २०१० साली, पुण्यात, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. तेव्हा वाचणं सुरू करण्याआधीच एक दिवस जायचा. विंडोजमध्ये जाऊन जुन्या प्रोग्रॅम्ससाठीची भाषा जपानी करायची, मशीन रीस्टार्ट करायचं. ते केलं नाही तर अक्षरांच्या जागी नुसता कचरा दिसायचा. केलं की फोल्डरच्या पत्त्यात तिरक्या रेघेऐवजी येनचं चिन्ह दिसायला लागायचं, आणि ते बघून रूममेट घाबरली होती की लॅपटॉपला काहीतरी झालं. मग मूळ जपानी गेम, आणि तिच्यावर चढवायचा इंग्रजी पॅच, म्हणजे जपानी मजकुराच्या जागी इंग्रजी बसवणारी फाइल. मूळ डिस्क मी तेव्हा विकत घेतलेली नव्हती, ते चूक होतं आणि मला ते माहीत होतं. कमवायला लागल्यावर सगळ्या घेतल्या.

तो पॅच मिरर मून नावाच्या एका गटाने केला होता. फेटचे तीन रूट आहेत, आणि तिन्ही नीट वाचायला साठेक तास सहज लागतात. एवढा मजकूर काही लोकांनी नोकरी-कॉलेज सांभाळून, एक पैसा न घेता इंग्रजीत आणला. त्याआधी त्यांनी त्सुकिहिमे नावाची नॉव्हेलही आणली होती. अनुवाद करणारे वेगळे, गेमच्या फाइलींमधून मजकूर बाहेर काढून परत आत बसवणारे वेगळे, वाक्य वाक्य तपासणारे वेगळे. हे बसवण्याचं काम किती किचकट असतं हे मला नंतर प्रोग्रॅमिंग शिकल्यावर कळलं. जपानी अक्षरं सगळी सारख्या रुंदीची असतात. इंग्रजीत ‘आय’ बारीक आणि ‘डब्ल्यू’ जाड. जुन्या इंजिनांना, म्हणजे गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅम्सना, हे कळत नसे, आणि शब्द ओळीच्या शेवटी मध्येच तुटून खाली यायचे. म्हणजे आधी इंजिनलाच इंग्रजी लिहायला शिकवायचं.

उमिनेको या बेटावरच्या खुनांच्या रहस्यकथेचं तर विचारू नका. तिचे आठ भाग ऑगस्ट २००७ ते डिसेंबर २०१० या काळात एकेक करून जपानमध्ये आले. खून कसा झाला, कुणी केला, जादू खरी की खोटी, हा सगळा खेळ वाचकाने दोन भागांच्या मधल्या महिन्यांत डोकं चालवावं म्हणूनच रचलेला आहे. विच हंट नावाचा गट तेव्हाच, ते भाग येत असतानाच, त्यांचा इंग्रजी अनुवाद करत होता. त्यामुळे इंग्रजी वाचकांनाही तो मधला काळ मिळाला. आम्ही वह्यांमध्ये बेटाचे नकाशे काढले, कोण कुठल्या खोलीत होतं त्याचे तक्ते केले. आज कुणी उमिनेको वाचली तर तिला ती गोष्ट मिळेल. ती वाट बघणं मात्र मिळणार नाही. पुढे मँगागेमर या प्रकाशक कंपनीने अधिकृत इंग्रजी आवृत्ती काढली तेव्हा त्याच लोकांच्या अनुवादाचा आधार घेतला, हे फार योग्य झालं.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते मात्र भाषेबद्दल. इंग्रजीतून वाचताना मी मनातल्या मनात मराठीत वाचत होते, आणि त्यामुळे मला काही गोष्टी अमेरिकन मैत्रिणींपेक्षा लवकर कळायच्या.

क्लॅनाड या नॉव्हेलचं उदाहरण घ्या. नायक तोमोया सुरुवातीला नायिका नागिसाला ‘फुरुकावा’ म्हणतो, म्हणजे आडनावाने हाक मारतो. ती त्याला ‘ओकाझाकी-सान’ म्हणते, म्हणजे आडनाव आणि वर आदराचा ‘सान’. वर्गाने ती त्याच्याबरोबर असली तरी वयाने एक वर्ष मोठी आहे, आजारपणामुळे तिचं वर्ष गेलंय. आणि मग कितीतरी तासांच्या वाचनानंतर तो तिला ‘नागिसा’ म्हणतो आणि ती त्याला जवळिकीने ‘तोमोया-कुन’. इंग्रजीत हे काय आहे हे समजावून सांगावं लागतं. कारण इंग्रजीत सगळे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून नावाने हाक मारतात. त्या क्षणाला वजनच उरत नाही. मला ते कुणी समजावून सांगावं लागलं नाही. ‘अहो’चं ‘अरे’ होतं तेव्हा काय होतं हे मराठी घरात वाढलेल्या कुणालाही माहीत असतं. ‘सेनपाई’ ही वरच्या वर्गातल्याला मारायची हाक. तिच्यावर इंग्रजी वाचकांनी वर्षानुवर्षं वाद घातले, शब्द तसाच ठेवायचा की काढून टाकायचा. मी ठेवण्याच्या बाजूची आहे. ‘दादा’ किंवा ‘ताई’ काढून टाकून मराठी कादंबरी इंग्रजीत नेली तर माणसं एकमेकांपासून केवढ्या अंतरावर उभी आहेत हेच दिसेनासं होतं.

तसंच त्या वाक्याचं. फेटमध्ये नायक शिरोऊ एका ठिकाणी म्हणतो की माणसाला मारलं तर तो मरतो. इंग्रजीत त्या ओळीची इतकी टिंगल झाली की ज्यांनी गोष्ट कधी वाचली नाही त्यांनाही ती पाठ आहे. पण या मुलाच्या जीवघेण्या जखमा एका जादूने आपोआप भरून येत होत्या, आणि माणसाचं असं असू नये असं त्याला मनापासून वाटतंय. ‘मारलं तर माणूस मरायलाच हवा’ असं म्हणून बघा. यात हसण्यासारखं काय आहे? आपल्याकडे एखादे आजोबा हे वाक्य ओसरीवर बसून सहज बोलतील आणि सगळे गप्प होतील. इतक्या वर्षांच्या हसण्याचं खापर मी अनुवादकावर फोडत नाही. एका ओळीभोवतीची दहा पानं न वाचता ती ओळ कापून फिरवणाऱ्यांवर फोडते.

मराठीचं सगळंच सोपं आहे असंही नाही. जपानीत ‘मी’साठी वाताशी, बोकू, ओरे असे कितीतरी शब्द आहेत आणि प्रत्येकातून माणूस वेगळा दिसतो. इंग्रजीत ते सगळे एका ‘आय’मध्ये बुडतात, मराठीतही एका ‘मी’मध्ये बुडतील. उलट आपल्याकडे ‘मी गेलो’ की ‘मी गेले’ हे पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं. सांगणारा पुरुष आहे की बाई हे ज्या रहस्यकथेत लपवून ठेवलेलं असेल, ती मराठीत आणणाऱ्याचं काय होईल याचा मी कधीकधी विचार करत बसते.

आता ज्याचा मला खरोखर त्रास होतो ते. इंग्रजी जगात व्हिज्युअल नॉव्हेल म्हटलं की आधी नजर बदलते. हो, या माध्यमात प्रौढांसाठीचा मजकूर पुष्कळ आहे, फेटच्या मूळ आवृत्तीतही होता. पण क्लॅनाड पहिल्या दिवसापासून सर्वांसाठीची होती. ती आई-वडील, घर आणि मूल वाढवणं यांबद्दलची कथा आहे. २००५पासून निन्टेंडो डीएसवर फीनिक्स राइट वकिलाच्या गोष्टी खेळलेल्या लाखो इंग्रजी लोकांनी व्हिज्युअल नॉव्हेलच्याच घराण्यातलं काहीतरी वाचलं, पण त्यांना ते माहीत नाही. त्या गोष्टी तर जपानमधून उचलून लॉस एंजेलिसला नेल्या होत्या आणि त्या वकिलाची मदतनीस माया हिच्या आवडत्या रामेनचे बर्गर केले होते. दुसरीकडे स्टीमने २०२२मध्ये केऑस;हेड नोआ ही नॉव्हेल आधी अडवली आणि वाचकांनी आवाज उठवल्यावर परवानगी दिली. काय चालेल आणि काय नाही हे आजही कुणी स्पष्ट सांगत नाही. एका लेखकाची अनेक वर्षांची मेहनत अशी अधांतरी लटकत ठेवणं मला मान्य नाही.

आणि वाचक नाहीत, असं कुणी म्हणू नये. २०१४च्या अखेरीला क्लॅनाडच्या इंग्रजी आवृत्तीसाठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या वेबसाइटवर १ लाख ४० हजार डॉलर मागितले होते, ५ लाख ४० हजारांच्या वर जमले. पुढच्या वर्षी मव-लव या दुसऱ्या नॉव्हेलसाठी अडीच लाख मागितले, साडेबारा लाख आले. हे पैसे देणारे बरेच लोक ती गोष्ट फॅन पॅचवर आधीच वाचून बसलेले होते. फुकट वाचणारे विकत घेत नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांनी हे आकडे बघावेत. ज्यांनी कुणी आपल्या रात्री घालून पॅच केले, त्यांनीच हे गिऱ्हाईक तयार केलं.

म्हणून हल्ली यंत्राने भाषांतर करून, कुणी न तपासता विकायला ठेवलेल्या गेम्स दिसतात तेव्हा मला राग येतो. जपानी वाक्यात कर्ता बऱ्याचदा नसतोच. कोण कुणाला म्हणालं हे आधीच्या पानांवरून ओळखायचं असतं. यंत्र अंदाज बांधतं, आणि एकाच संवादात बहीण ‘तो’ होते आणि बाप ‘ती’. त्याचे पैसे घेतले जातात. ज्यांनी हेच काम जीव ओतून फुकट केलं त्यांची नावं मात्र पॅचसोबतच्या एखाद्या रीडमी (सूचनांच्या) फाइलच्या तळाशी, टोपणनावांत. माझी साधी मागणी आहे. अनुवादकाचं नाव गेमच्या पहिल्या स्क्रीनवर, लेखकाच्या नावाखाली असावं. आपल्याकडे मामा वरेरकरांनी शरच्चंद्र मराठीत आणले आणि माझ्या आजीच्या पिढीने बंगाल न बघता तिथल्या बायकांची दुःखं आपली मानली. आजी दोन्ही नावं एका दमात घ्यायची. मिरर मून आणि विच हंट ही नावं मी तशीच घेते.

गेल्या गणपतीत घरी गेले होते तेव्हा आईने स्वतःहून विचारलं की ती वाचायची गेम मला पण दाखव. मी नार्सिसू निवडली. २००५ साली स्टेज-नानाने ती फुकट वाटली होती. हॉस्पिटलच्या सातव्या मजल्यावर, जिथून बरं होऊन कुणी परत जात नाही, तिथली एक मुलगी आणि एक मुलगा गाडी घेऊन निघतात, आवाजी बेटावरची नार्सिससची फुलं बघायला. चित्रं अगदी थोडी आहेत, बराचसा काळा पडदा आणि मजकूर. आईला इंग्रजी झरझर वाचता येत नाही, म्हणून मी वाक्य वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. सांगणारा मुलगा होता, म्हणून ‘मी निघालो’, ‘मी थांबलो’ असं बोलत होते. आई हात न हलवता ऐकत होती. ती मुलगी, सेत्सुमी, पहिल्यांदा बोलली तेव्हा तिने मला थांबवलं.

“ती त्याला अरे-तुरे करते का अहो-जाहो?”

इंग्रजीत फक्त ‘यू’ होतं. मी मूळ जपानी मजकूर उघडला. आम्ही दोघी त्यावर अर्धा तास बोललो, चहा गार झाला, आणि शेवटी आई म्हणाली, “‘तू’च ठेव. त्या दोघांकडे तेवढा वेळ नाहीये.”