अरबीत ‘प’ नाही म्हणून पॅलेस्टाईनच नाही? जरा नाब्लुस बघा

हा मेसेज मला आत्तापर्यंत चार ग्रुपवर आलाय, मजकूर तोच: अरबी भाषेत ‘प’ नाही मग पॅलेस्टाईन हे नाव अरबांचं कसं, ते तर रोमन लोकांनी दिलेलं, तिथे नुसतं ओसाड वाळवंट होतं, अमेरिकन लेखक मार्क ट्वेनने स्वतः बघून लिहिलंय, आणि आज तिथे राहतात ते सगळे बाहेरून आलेले. चांगली शिकलेली माणसं न वाचता पुढे ढकलतायत, याचं वाईट वाटतं म्हणून लिहितोय. एकाच शहराबद्दल लिहितो, वेस्ट बँकमधल्या नाब्लुसबद्दल.

आधी तो ‘प’. अरबीत ‘प’ नाही हे खरंय, पण म्हणूनच तिथले लोक फलस्तीन म्हणतात, आणि हे काही काल सुरू झालेलं नाही, उमय्यद खलिफांच्या, म्हणजे सुरुवातीच्या अरब मुस्लिम राजघराण्याच्या, काळातल्या तांब्याच्या नाण्यांवर हे नाव आहे, म्हणजे जवळपास तेराशे वर्षं झाली. नाब्लुसचं तर अजून सरळ आहे. इ.स. 72 मध्ये रोमन सम्राट व्हेस्पासियनच्या काळात हे शहर वसलं, नाव फ्लाविया निआपोलिस. निआपोलिस म्हणजे ग्रीकमध्ये नवं शहर, इटलीतलं नेपल्स पण त्याच शब्दावरून आलंय. अरबी तोंडात ‘प’चा ‘ब’ झाला आणि निआपोलिसचं नाब्लुस झालं. म्हणजे ज्या अक्षरावरून तुम्ही या लोकांना परकं ठरवताय, तेच अक्षर सांगतंय की जुनं नाव पिढ्यानपिढ्या बोलण्यातून झिजत झिजत इथपर्यंत आलं.

रोमन लोकांनी इ.स. 135 च्या सुमारास ज्यूडिया प्रांताचं नाव बदलून सीरिया पॅलेस्टिना केलं हे बरोबर, पण ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने ‘पॅलेस्टाईन’ त्याच्या सहा-एकशे वर्षं आधी वापरलंय. हा मुद्दा इथेच संपतो.

आता वाळवंट. मार्क ट्वेन 1867 साली तिकडे फिरला आणि बऱ्याच भागाला त्याने ओसाड म्हटलं, मान्य. पण त्याच पुस्तकात नाब्लुसच्या खोऱ्याबद्दल तो लिहितो की जमीन काळी, सुपीक आहे, पाणी भरपूर आहे, मशागत चांगली आहे. ती ओळ फॉरवर्डमध्ये कधीच येत नाही. दहाव्या शतकात अल-मुकद्दसी या जेरुसलेमच्याच भूगोलकाराने इथली ऑलिव्हची झाडं, दगडी घरं, मधून वाहणारा ओढा, गिरण्या यांचं वर्णन केलंय आणि लोक याला छोटं दमास्कस म्हणतात असंही लिहिलंय. आणि ऑलिव्ह म्हणजे साबण! नाब्लुसचा साबण ऑलिव्हचं तेल, पाणी आणि क्षार एवढ्यावरच होतो. मोठ्या कढईत दिवसेंदिवस शिजवतात, मग वरच्या मजल्याच्या फरशीवर ओततात, थर आवळला की दोरीने रेघा मारून तुकडे पाडतात, हाताने शिक्का मारतात आणि वाळवायला वडी एकीवर एक रचत जातात, आतून पोकळ, वर निमुळता होत जाणारा मनोरा, माणसापेक्षा उंच, म्हणजे चहूबाजूंनी वारा लागतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असे तीसेक कारखाने होते. ओसाड गावात एवढं तेल कुठून आलं असतं? 2002 च्या एप्रिलमधल्या इस्रायली लष्करी कारवाईत जुन्या शहरातले साबणाचे जुने कारखाने पडले, पण धंदा बंद झाला नाही, आणि 2024 मध्ये युनेस्कोने ही परंपरा अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

राहिलं ‘सगळे बाहेरचे’. ज्यूंचं या मातीशी जुनं नातं आहे, ते मी नाकारत नाहीये, शहरालगत तेल बलाता इथे बायबलमधल्या शखेम या प्राचीन शहराचे अवशेष आहेत. पण शेजारच्या गेरिझिम डोंगरावर शोमरोनी राहतात, समॅरिटन म्हणतात ते, स्वतःला प्राचीन इस्रायली लोकांचे वंशज मानणारा छोटा समाज. तौरात, म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, मानतात, जुन्या हिब्रू लिपीतली हस्तलिखितं जपतात, दर वर्षी वल्हांडणाच्या (पासओव्हर) सणाला डोंगरावरच मेंढ्यांचा बळी देतात. आज जगात एक हजाराच्या आतच उरलेत, त्यातले निम्मे तेल अवीवजवळच्या होलोनमध्ये. इथले पहिल्या इंतिफादाच्या, म्हणजे 1987 मध्ये सुरू झालेल्या पॅलेस्टिनी उठावाच्या, काळापर्यंत खाली नाब्लुस शहरातच राहायचे, मग डोंगरावर गेले. प्रार्थना हिब्रूत करतात, आणि रोजचं बोलणं शेजाऱ्यांसारखंच, नाब्लुसच्या अरबीत. म्हणजे अरबी बोलतो तो बाहेरून आलेलाच, असं होत नाही.