पोत्यातली सायकल : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका,

(तुम्ही नाव लिहिलेलं नाही, पण ‘३२ वर्षं हात काळे केलेत’ असं लिहिलंत, म्हणजे वयाने मोठेच. काका म्हटलेलं चालेल असं धरते.)

तुमची प्रतिक्रिया सकाळी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत जाताना कंपनीच्या बसमध्ये वाचली. राग आला. दुपारी डबा खाताना परत वाचली, तेव्हा राग जरा उतरला होता. रात्री नवऱ्याला वाचून दाखवली तर तो म्हणाला, "बरोबरच बोलतोय की माणूस." म्हणजे घरातूनही मला पाठिंबा नाही.

ज्यांनी माझा आधीचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. पावसाळ्याआधी ‘फुल सर्व्हिस’ला दिलेली माझी सायकल चकाचक होऊन परत आली आणि तिसऱ्या दिवशी अंजनेरीच्या उतारावर तिचे ब्रेक लागेनात. त्या तिरीमिरीत मी ‘सायकल दुकानात देऊ नका’ असा मथळा टाकून लिहिलं, की पाना हातात घ्या आणि सगळं घरीच करा. त्यावर काकांचं म्हणणं थोडक्यात असं : एका दुकानावरून तुम्ही सगळ्या मिस्त्रींना झोडपलंत. यूट्यूब बघून कोणी मिस्त्री होत नाही. तुमच्यासारखे लोक घरी सायकल खोलतात आणि जोडता आली नाही की पोत्यात भरून आमच्याकडे आणतात. रात्रभर रॉकेलमध्ये चेन बुडवायला सांगता, हे कोणी शिकवलं? आणि तीनशे रुपयांत तुम्हाला काय विमान पाहिजे का?

रॉकेलपासून सुरू करते, कारण तिथे वादच नाही. चेनला तेल लागतं ते आत, पिन आणि रोलरच्या मध्ये. रात्रभर बुडवून ठेवली की बाहेरच्या चिखलाबरोबर आतलं वंगणही धुऊन जातं. वर आत राहिलेलं रॉकेल वाळायच्या आधीच आपण तेल सोडतो, ते पातळ होतं आणि दोन दिवसांत चेन परत कुरकुरायला लागते. नवी चेन बुडवणं तर शुद्ध वेडेपणा, कारखान्यातून आत भरून आलेलं वंगण आपल्याला घरी तसं परत घालता येत नाही. आता मी फडक्यावर थोडं रॉकेल घेऊन बाहेरून पुसते, कोरडी होऊ देते, प्रत्येक रोलरवर एकेक थेंब सोडते आणि वरचं जास्तीचं पुसून काढते. लेखातलं ते वाक्य काढून टाकलंय. मथळाही बदलणार आहे, तो वाईटच होता.

आता पोतं. ते वाचून मला हसू आलं नाही, कारण तसं पोतं मी स्वतः नेलेलं आहे. पोतं नव्हतं, भाजीची पिशवी होती, एवढाच फरक.

मी कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. थ्रेड गेज घेऊन दिवसभर आटे तपासणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. पेडलचे आटे ९/१६ इंचाचे, इंचाला २०, हेही मला पाठ होतं. आणि तरी चार वर्षांपूर्वी पेडल बदलायला बसले तेव्हा डावं पेडल मी उजव्यासारखंच सोडवायला गेले. हलेना, म्हणून पान्याच्या दांड्यावर पाइप चढवला. (तुम्ही आत्ता कपाळाला हात लावला असणार.) डाव्या पेडलला डावे आटे असतात, ते उलट फिरवून सोडवायचं असतं. मी सोडवत नव्हते, आवळत होते, तेही पाइप लावून. ॲल्युमिनियमच्या क्रँकमधले (पेडल ज्या दांडीला बसतं ती) आटे पेडलला चिकटून भुश्यासारखे बाहेर आले.

डावे आटे का, हे मला नंतर समजलं. मुठीत पेन्सिल सैल धरून तिचं टोक गोल गोल फिरवा, ती स्वतःभोवती उलट दिशेने सरकायला लागते. पेडल मारताना त्याच्या दांड्यावर येणारा दाबही असाच गोल फिरत असतो आणि दांडा हळूहळू उलटा सरकू बघतो. डाव्या बाजूला साधे आटे असते तर पेडल चालता चालता सुटून पडलं असतं. हे आधी वाचलं असतं तर क्रँक वाचला असता. पण यूट्यूबवरच्या त्या माणसाने हे पहिल्या अर्ध्या मिनिटातच सांगितलं होतं आणि मी ते अर्धं मिनिट पुढे ढकललं होतं. तेव्हा तुमचा तो मुद्दाही मान्य.

ज्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे मी ती पिशवी नेली तो हसला नाही, ओरडलाही नाही. क्रँक उजेडात धरून त्याने एवढंच विचारलं, "पाइप लावला का?"

ब्रेकचं मात्र मी मागे घेणार नाही. अंजनेरी गावातून किल्ल्याच्या पायथ्याकडे जो रस्ता चढतो तो येताना कसा उतरतो हे नाशिककरांना सांगायला नको. पहिल्याच वळणावर दोन्ही ब्रेक दाबले तर नुसता चूंऽ असा आवाज, वेग तेवढाच. दुसऱ्या वळणाआधी मी सायकल कडेच्या गवतात घातली आणि कोपर सोलून घेतलं. घरी येऊन ब्रेकच्या डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीवर, पांढरा कागद फिरवला, तर काळा तेलकट पट्टा. झालं होतं असं, की सायकल धुतल्यावर दुकानातल्या पोराने चेनपासून हबपर्यंत (चाकाच्या मधल्या तुंब्यापर्यंत) सगळीकडे डब्ल्यूडी-४० चे फवारे मारले होते. त्या फवाऱ्याच्या नावातच त्याचं काम आहे, वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवणे, आणि ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयोगाला जमलेलं मिश्रण. गंजलेला नट सोडवायला उत्तम. पण डिस्कवर एकदा तेल उडालं की ते तिला दाबणारे पॅड शोषून घेतात, आणि असे पॅड मग कितीही घासा, भरवशाचे राहत नाहीत.

आमच्या लहानपणी सायकलच्या दुकानांच्या पाट्यांवर ‘ओव्हरऑइलिंग’ लिहिलेलं असायचं. ते ओव्हरहॉलिंग आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. माझ्या सायकलचं मात्र खरोखरच ओव्हरऑइलिंग झालं.

तक्रार घेऊन गेले तर तो म्हणाला, "घासून बसतील, मॅडम." पॅड जुनेच होते, त्यांना बसायचं काय राहिलं होतं? आणि हे एक वाक्य सोडलं तर बाकी सगळं त्याने माझ्या नवऱ्याकडे बघून सांगितलं. नवरा बिचारा पार्किंगमध्ये जागा नव्हती म्हणून सोबत आत आला होता. त्याच्या सायकलमध्ये हवासुद्धा मी भरते. काका, तुम्ही विचारलंत ना की बाईमाणसाला पाना हातात घ्यायची हौस का आली, त्यातला निम्मा भाग या एका प्रसंगात आहे. डिस्क मी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, पॅड नवे आणून स्वतः बसवले. अर्धा तास लागला.

आणि तीनशे रुपये. तुमच्या सगळ्या प्रतिक्रियेत मला सर्वांत जास्त लागलं ते हे वाक्य, कारण यावर मी लेखात एक अक्षर लिहिलं नव्हतं आणि खरी गोष्ट तिथेच आहे. दोन्ही हब खोलायचे, छर्रे काढून पुसायचे, ग्रीस भरून कोन (छर्ऱ्यांना दाबून धरणारे नट) असे बसवायचे की चाक डुलणार नाही आणि जडही फिरणार नाही. गिअर लावायचे, केबल बघायच्या, ब्रेक बघायचे. सवयीच्या माणसालाही दोन-अडीच तास हवेत. तीनशेतून जागेचं भाडं आणि पोराचा पगार वजा केला तर अडीच तास काम करणं म्हणजे दुकानदाराने गिऱ्हाईकाला पदरचे पैसे देणं. मग तो काय करणार? जे गिऱ्हाईकाला दिसतं ते करणार. चमक दिसते, छर्ऱ्यांतलं ग्रीस दिसत नाही. म्हणून सायकल धुतली जाते, टायरला काळं लावलं जातं, फवारा मारला जातो आणि हब जसेच्या तसे राहतात.

ही सवय लावली कोणी? आम्हीच. चाळीस हजारांची सायकल घेणारा माणूस सर्व्हिसिंगचे सहाशे ऐकून "फार होतात हो" म्हणतो. त्याच माणसाने आदल्या आठवड्यात स्कूटरच्या सर्व्हिसिंगला मुकाट्याने दीड हजार मोजलेले असतात. मी हे केलंय. अगदी याच शब्दांत केलंय.

आपल्या गावात तर हे जास्तच झालं. २०१५ साली महाजन डॉक्टर बंधूंनी अमेरिकेतली रॅम ही शर्यत, एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जवळजवळ ४,८०० किलोमीटर, दोघांच्या संघात पूर्ण केली. त्यानंतर पहाटे गंगापूर रोडला गिअरच्या सायकली दिसायच्या प्रमाणात मी फरक पाहिलाय. सायकली आल्या, त्या विकणारी काचेची दुकानं आली, हेल्मेटं आली. डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) ओळीत लावणारे हात त्या वेगाने आले नाहीत, कारण सहा महिने शिकलेल्या पोराला कुरिअर कंपनीत जास्त मिळतं. रॅममध्ये सायकलस्वाराच्या मागे मदतनीसांची गाडी असते. आम्ही गिरणाऱ्याला जातो तेव्हा मागे फक्त द्राक्षांचा ट्रॅक्टर असतो.

म्हणून काका, मी घरी जे करते ते मिस्त्रीच्या पोटावर पाय द्यायला करत नाही. पंक्चरचंच घ्या. गेल्या हिवाळ्यात गिरणारे रस्त्यावर बाभळीचा काटा लागला. वाटेत एकाने घमेल्यात ट्यूब बुडवून भोक शोधलं, पॅच सुबक लावला, हवा भरली. दोन किलोमीटरवर परत बसलं. टायरमध्ये आतून बोट फिरवलं असतं तर मोडलेलं टोक त्याला लागलं असतं. मी आता बोटाऐवजी कापसाचा बोळा फिरवते, काटा असेल तिथे तंतू अडकतात. ही काही विद्या नाही. फक्त रस्त्यावर परत मलाच थांबायचं असतं, त्याला नाही, म्हणून मी बोळा फिरवते आणि तो फिरवत नाही.

चेनचंही तसंच. माझ्याकडे कारखान्यातली सवय म्हणून पोलादी पट्टी आहे. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवलं की नव्या चेनची पुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. लोक म्हणतात चेन ताणली गेली. पत्र्या ताणल्या जात नाहीत, पिन झिजतात, आणि प्रत्येक सांध्यातली ती केसभर झीज मिळून चेन लांब होते. ती १/१६ इंच पुढे सरकली की मी चेन बदलते. १/८ पर्यंत वाट पाहिली तर तोवर तिने मागचे दातेही खाल्लेले असतात आणि नवी चेन त्यांच्यावर घसरते. माझी पहिली चेन कोणीच मोजली नाही. तीन सर्व्हिसिंग झाल्या, तिन्ही वेळा ‘चेन ओके’. चौथ्या वेळी चेन आणि कॅसेट (मागच्या दात्यांचा संच) दोन्हींचे पैसे भरले. त्र्यंबकच्या पावसात चालवलेली चेन उन्हाळ्यातल्यापेक्षा किती लवकर जाते हे मला आता माझ्या वहीवरून सांगता येतं, दुकानाला ते कसं कळणार? त्यांच्याकडे ती वहीच नाही.

मला दुकानाकडून खरं तर एवढंच हवंय, एक चिठ्ठी. आमच्याकडे प्रत्येक जॉबबरोबर एक कार्ड फिरतं : काय मोजलं, किती आलं, कोणी मोजलं. सायकल परत देताना हब खोलला की नाही, चेन किती, पॅड किती उरलेत हे तीन आकडे कागदावर लिहून द्या. त्या दुकानाला मी तीनशेऐवजी हजार देईन. आणि खोललं नसेल तर ‘खोललं नाही, गरज नव्हती’ असं लिहा, त्याचेही पैसे देईन, कारण बघितल्याशिवाय ते लिहिता येत नाही.

हायड्रॉलिक ब्रेकचं तेल मी बदलत नाही. माझ्या ब्रेकला मिनरल ऑइल लागतं, चुकून डॉट (मोटारीच्या ब्रेकचं तेल) घातलं तर आतले सील फुगून जातात, आणि ती चूक करण्याइतकी मी घाईची आहे हे पेडलने सिद्ध केलंय.

आणि चाकाला हात लावत नाही. एकदा प्रयत्न केला होता. एक तार ओढली की आऊट (चाकाचा वाकडेपणा) तिथून जातो आणि समोर उगवतो, तो काढला की चाक अंड्यासारखं होतं. त्याच पेडलवाल्या मिस्त्रीकडे नंतर एका जुन्या काळ्या सायकलचं मागचं चाक, चाळीस तारांचं, उभं राहताना मी पाऊण तास स्टुलावर बसून पाहिलं. मोजायला काही नाही. अंगठ्याचं नख रिमला लावलेलं, चाक फिरतंय, नख जिथे घासेल तिथे थांबून चावी पाव फेरा. मधूनच तारा छेडून बघायचा, जिचा सूर पडलेला ती ओढायची. आमच्याकडे डायल गेज लावून जे काम होतं ते तो नखावर करत होता. त्याने त्याचे किती घेतले ते मी लिहित नाही, मलाच लाज वाटेल.

सध्या माझ्याही मागच्या चाकाला आऊट आहे, त्र्यंबक रोडच्या एका खड्ड्याची कृपा. गिअरच्या बाजूच्या दोन तारा सैल लागतात, एवढं मला हाताला कळतं, त्यापुढचं नाही. आणि तो मिस्त्री आता दुकानात बसत नाही. तुमचं दुकान कुठे आहे ते कळवा, रविवारी उघडं असतं का तेही. आऊट काढायचे किती घेता ते आधी सांगितलंत तर बरं, घासाघीस करणार नाही.