खुलासा: 'तोउ माइ' म्हणजे शत्रूचा घात नव्हे

हाँगकाँगच्या कॅन्टोनीज भाषेतल्या 'तोउ माइ'चा अर्थ 'शत्रूचं नुकसान करणं' असा सांगणारा एक मजकूर सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. शब्दशः अर्थ 'तांदूळ ओतून टाकणं', आणि तोही आपल्याच घरातला. गिऱ्हाईक पैसे काढायच्या बेतात असताना आपलाच नोकर "समोर स्वस्त मिळेल हो" म्हणाला, तर ते तोउ माइ. समोरच्या दुकानदारानं गिऱ्हाईक पळवलं तर हा शब्द लागत नाही. मुद्दाम केलेलं असो की बावळटपणानं, नुकसान स्वतःच्या बाजूचं हवं. असं करणाऱ्याला 'तोउ माइ साउ सिंग' म्हणतात, म्हणजे तांदूळ सांडणारा दीर्घायुष्याचा देव. काय सुंदर चित्र आहे!

त्याच मजकुरात 'तुक पुइ चेक'ला 'पाठीत खंजीर खुपसणं' म्हटलंय. शब्दांत पाठ आहे, खंजीर कुठेच नाही. 'तुक' म्हणजे नुसतं टोचणं, ढोसणं. साहेबाकडे जाऊन सहकाऱ्याची चहाडी करणं, हा त्याचा रोजचा वापर. मराठीत 'कान भरणं' जास्त जवळचं.

'खाल्ल्या घरचे वासे मोजणं' याला मात्र तिकडे चपखल जोड आहे: वाडग्यातलं वरचं खायचं आणि वाडग्याचं बूड उलटवायचं.