एकच बटण आणि चौतीस दुकानं

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. रागाने लिहिली आहे, पण मुद्द्याचं लिहिलं आहे, म्हणून दोन ओळींत आटपत नाही. आम्ही सांभाळतो त्या चौतीस ऑनलाइन दुकानांचं वूकॉमर्स, म्हणजे वर्डप्रेसच्या वेबसाइटवर दुकान चालवणारं सॉफ्टवेअर, ऑर्डरी साठवण्याच्या नव्या पद्धतीवर टप्प्याटप्प्याने कसं नेणार, ते मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: सेटिंगमधलं एक बटण दाबायला पाच महिने कशाला, बॅकअप असताना भीती कसली, आणि छोटी दुकानं आधी घेऊन तुम्ही त्यांच्यावर प्रयोग करताय.

बटण एकच आहे, हे खरं. जुन्या पद्धतीत वूकॉमर्स प्रत्येक ऑर्डर वर्डप्रेसची पोस्ट म्हणून ठेवायचं. ब्लॉगचा लेख आणि लोणच्याची ऑर्डर डेटाबेसच्या एकाच टेबलात, म्हणजे नोंदींच्या एकाच तक्त्यात. ऑक्टोबर २०२३च्या ८.२ आवृत्तीपासून नव्या दुकानांना ऑर्डरसाठी वेगळी टेबलं आपोआप मिळतात. जुन्या दुकानांवर मात्र हे लादलं नाही. ज्याने त्याने आपल्या सवडीने चालू करायचं, आणि हवं तर जुन्या-नव्या दोन्ही टेबलांत ऑर्डर जुळत्या ठेवायच्या, अशी सोय दिली. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनीच घाई केली नाही, तर मी का करू?

आता बॅकअप. समजा रात्री अकराला बॅकअप घेतला, बाराला बदल केला आणि गडबड दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला कळली. बॅकअप परत टाकला की दुकान रात्री अकराला जाऊन उभं राहतं. मधल्या तेरा तासांच्या ऑर्डरी गायब, पैसे मात्र पेमेंट गेटवेकडे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेकडे, जमा. मग गेटवेची यादी समोर घेऊन एकेका गिऱ्हाइकाला फोन करायचा, ‘ताई, तुम्ही काय मागवलं होतं?’ हे मी एकदा केलं आहे. दोन्ही टेबलं जुळती असेपर्यंत मात्र एकही ऑर्डर न गमावता मागे येता येतं. आमच्या पाच महिन्यांतला बराचसा वेळ ही जुळणी चालू ठेवून वाट पाहण्यात जातो.

आणि वाट का पाहायची, तेही सांगतो. पहिल्या टप्प्यात मसाल्यांचं एक दुकान होतं. दोन दिवस सगळं सुरळीत चाललं, म्हणून मी जुळणी बंद केली. चौथ्या दिवशी दुकानाच्या मालकीणबाईंनी फोटो पाठवला: मेजावर दोन खोकी, दोन्हींवर बिल चिकटवलेलं, आणि दोन्ही बिलांचा क्रमांक १८४३. बिल बनवणारं प्लगइन (वूकॉमर्सला वरून जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर) शेवटचा क्रमांक जुन्या टेबलात शोधायचं आणि त्यात एक मिळवायचं. जुळणी बंद झाल्यावर जुनं टेबल होतं तिथेच थांबलं, त्यामुळे प्रत्येक नवं बिल १८४३च. नऊ बिलं तशी गेली. जीएसटीत बिलांची मालिका सलग लागते आणि एका आर्थिक वर्षात तोच क्रमांक पुन्हा चालत नाही. त्यांच्या सीएंशी बोलून ते निस्तरायला पूर्ण दिवस गेला. त्या प्लगइनने आपण नव्या पद्धतीला चालतो असं जाहीर केलेलं होतं. वूकॉमर्स त्या शब्दावर विश्वास ठेवतं, आतला कोड वाचून पाहत नाही. चूक माझी होती: बिलाचा क्रमांक मी तपासलाच नव्हता.

म्हणून आता प्रत्येक दुकानाची जुळणी निदान एक महिनाअखेर पार पडेपर्यंत चालू राहते. महिनाअखेरीलाच जीएसटी रिटर्नची आकडेवारी निघते, कुरिअरचा हिशोब होतो, परताव्यांची जुळवाजुळव होते. रोजच्या ऑर्डरींत न दिसणारं तिथे दिसतं.

बाकी वेळ हंगामाचा. हापूस विकणाऱ्याला मार्च ते मे हात लावायचा नाही. फराळवाल्यांचं परदेशी पार्सल दिवाळीच्या कितीतरी आधी निघतं, त्यामुळे त्यांची घाई गणपतीनंतर लगेच सुरू होते. पैठणीवाल्यांची लग्नसराई वेगळीच. चौतीस दुकानांची एकच सोयीची रात्र कॅलेंडरमध्ये सापडत नाही. मी शोधली होती.

तिसरा आक्षेप मात्र मला लागला, कारण तो बरोबर आहे. छोटी दुकानं आधी घेतली, कारण तिथे बिघडलं तर नुकसान कमी, असं मी धरलं होतं. ते कमी आमच्या हिशोबाने. मसाल्यांच्या त्या दुकानाला आठवड्याला पंधरा-वीस ऑर्डरी येतात; नऊ बिलं म्हणजे त्यांचा अर्धा आठवडा. आणि तुम्ही पहिले आहात, हे मी त्यांना सांगितलंही नव्हतं. त्यांची मी माफी मागितली आहे. आता पहिला टप्पा खऱ्या ऑर्डरींच्या नकलेवर, आमच्याच सर्व्हरवर चालतो. त्यानंतर जे दुकानदार समजून-उमजून हो म्हणतील तेच पुढे, आणि त्या महिन्याचं देखभालीचं बिल आम्ही लावत नाही.

तुम्ही लिहिलंय की भावाच्या दुकानात तुम्ही दहा मिनिटांत हे करून मोकळे झालात. तर आज एवढं करा. वूकॉमर्सच्या सेटिंग्जमध्ये ॲडव्हान्स्ड, त्यात फीचर्स. तिथे जुळणी चालू आहे की बंद ते बघा. बंद असेल तर बदलानंतरची दहा बिलं उघडून त्यांचे क्रमांक ओळीने वाचा. काही खटकलं तर इथेच लिहा, मी बघून सांगतो.