मामांच्या नावाने आलेली पावती

गाडी ठेवायला जागा असल्याचे प्रमाणपत्र दाखवल्याखेरीज नव्या गाडीची नोंदणी होणार नाही, असे महाराष्ट्राच्या परिवहनमंत्र्यांनी २०२५ च्या मे महिन्यात जाहीर केले, आणि त्याच संध्याकाळी आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पार्किंगचा विषय पेटला. तो अजून विझलेला नाही. दाजी कोथरूडला राहतात, त्यांच्या सोसायटीत चाळीस घरांना बावीस जागा आहेत, त्यामुळे या विषयावर बोलण्याचा अधिकार आपल्याला जरा जास्तच आहे असे त्यांना वाटते, आणि ते मी नाकारत नाही. मला खटकले ते त्यांच्या लांबलचक संदेशाचे शेवटचे वाक्य. सगळे वाहनतळ खाजगी कंपन्यांना देऊन टाका, कॅमेरे लावा आणि मध्ये माणूस म्हणून ठेवू नका, कारण माणूस आला की चिरीमिरी आली. इंग्लंडमध्ये बघा, असे त्यांनी लिहिले होते आणि पुढे माझे नाव घातले होते, जणू काही मी इंग्लंडचा वकील.

इंग्लंडमध्ये मी एकवीस वर्षे बघतोच आहे. ज्या संध्याकाळी हा संदेश आला, त्याच संध्याकाळी माझ्यासमोर टेबलावर एका खाजगी पार्किंग कंपनीचे चौथे पत्र पडले होते. आधीच्या शंभर पौंडांवर वसुलीखर्चाचे सत्तर चढवून एकशे सत्तर पौंड चौदा दिवसांत भरावेत, असे त्यात म्हटले होते. पत्र माझ्या मामांच्या नावाने होते, आणि मामांना जाऊन तीन महिने होऊन गेले होते.

मामा १९६९ साली टेक्स्टाइलची पदवी घेऊन इचलकरंजीहून लेस्टरला आले, होजियरीच्या गिरण्यांत राबले, त्या गिरण्या एकेक करून बंद पडताना त्यांनी पाहिल्या, आणि मामी गेल्यावरही त्यांनी ते घर सोडले नाही. ३ फेब्रुवारीला सोमवारी सकाळी ते गावाबाहेरच्या एका रिटेल पार्कमध्ये स्वयंपाकघरातला बल्ब आणायला गेले. वय ब्याऐंशी, पण होंडा जॅझ स्वतःच चालवत. दुकानातच ते कोसळले, अ‍ॅम्ब्युलन्स आली, त्यांना इस्पितळात नेले, आणि गाडी होती तिथेच राहिली. त्या जागेत पार्किंग दोन तास मोफत आहे. कॅमेऱ्याच्या नोंदीप्रमाणे गाडी सोमवारी ११ वाजून १० मिनिटांनी आत आली आणि बुधवारी रात्री ८ वाजून १५ मिनिटांनी बाहेर पडली, म्हणजे ५७ तास ५ मिनिटे. बाहेर काढणारा मी. विम्यावर मामांनी माझे नाव घालून ठेवले होते. मामा १२ तारखेला गेले. नोटीस १७ तारखेला आली.

आता इथला एक बारकावा दाजींनी समजून घ्यायला हवा. पालिका रस्त्यावर लावते तो दंड वेगळा आणि खाजगी जागेतली ही मागणी वेगळी. दोन्ही नोटिशींवर पीसीएन हीच तीन अक्षरे असतात आणि हे साम्य कंपन्यांच्या चांगलेच पथ्यावर पडते, पण खाजगी नोटीस म्हणजे कायद्याने दंड नव्हेच. तोंडाशी लावलेल्या पाटीवरच्या अटी मान्य करून तुम्ही गाडी आत घातली, म्हणजे तुम्ही करार केला, आणि तो मोडला म्हणून ही रक्कम. चेम्सफर्डच्या एका रिटेल पार्कमध्ये दोन तासांच्या मर्यादेवर छप्पन्न मिनिटे जास्त थांबलेले बॅरी बेव्हिस ८५ पौंडांसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडले आणि ४ नोव्हेंबर २०१५ रोजी सहा विरुद्ध एक अशा मताने हरले. त्यांच्या आधी खाजगी जागेत चाकाला जॅमर लावण्याची पद्धत होती. इंग्लंड आणि वेल्समध्ये ती २०१२ च्या १ ऑक्टोबरपासून बंद झाली, पण त्याच कायद्याने कंपन्यांच्या हाती त्याहून सोयीचे हत्यार दिले. चालक कोण होता हे कळले नाही, तर गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे पैसे मागता येतात, आणि ते नाव वाहननोंदणीच्या सरकारी खात्याकडून, म्हणजे डीव्हीएलएकडून, अडीच पौंडांत मिळते. कॅमेऱ्याच्या भरवशावर चालणाऱ्या जागेची नोटीस चौदा दिवसांत पोहोचावी लागते. ती बाराव्या दिवशी पोहोचली होती, म्हणजे तो मुद्दाही माझ्या हातून गेला.

या कंपन्यांना वेसण घालणारी संहिता सरकारने करावी, असा कायदा इथल्या संसदेने २०१९ साली केला. २०२२ च्या फेब्रुवारीत संहिता निघाली, कंपन्या न्यायालयात गेल्या, जूनमध्ये सरकारने ती मागे घेतली, आणि २०२४ पासून जी संहिता लागू आहे ती कंपन्यांच्याच दोन संघटनांनी मिळून लिहिलेली आहे. २०२५ च्या जुलैत सरकारने पुन्हा लोकांच्या सूचना मागवल्या. हेच जर पुणे महानगरपालिकेत घडले असते, तर कुंपणच शेत खात असल्याचे किती फॉरवर्ड दाजींनी मला पाठवले असते, याची मी कल्पना करू शकतो.

मी अपील केले. चालकाला अ‍ॅम्ब्युलन्समधून नेलेले असताना त्याने दोन तासांत गाडी काढावी ही अपेक्षा कोणत्याही करारात बसत नाही. गाडीचे नोंदणीकृत मालक आता हयात नाहीत. त्यांच्याकडून काही येणे असेलच, तर ते त्यांच्या मालमत्तेतून मागता येईल, नातेवाइकांच्या खिशातून नव्हे, आणि मृत्युपत्राप्रमाणे ती मालमत्ता पाहणारा माणूस मी आहे, एवढे मी स्वच्छ लिहिले. सोबत इस्पितळाचे पत्र आणि मृत्यूचा दाखला जोडला. उत्तर मामांच्या नावानेच आले. डेटा संरक्षणाच्या नियमांमुळे तुमच्या प्रकरणाविषयी तिऱ्हाईत व्यक्तीशी बोलता येत नाही, तरी आपल्या सहीचे संमतिपत्र पाठवावे, असे त्यात लिहिले होते. इथला डेटा संरक्षणाचा कायदा फक्त जिवंत माणसांना लागू आहे, हे मी पुढच्या पत्रात लिहिले. त्यावर मामांना स्मरणपत्र आले. चौदा दिवसांत भरण्याची साठ पौंडांची सवलत त्यांनी गमावली होती आणि आता शंभर झाले होते.

हयातीचा दाखला ही आपल्याकडची गोष्ट मी इथल्या सहकाऱ्यांना अनेकदा हसत सांगितली आहे. बाबा दर नोव्हेंबरमध्ये बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचे सिद्ध करत, आणि एका वर्षी समोर बसलेल्या कारकुनाने त्यांना ओळखत असूनही फोटो मागितला होता. ती गोष्ट मी आता सांगत नाही. मरण पावल्याचे सिद्ध करायला दाखल्याच्या प्रतीमागे साडेबारा पौंड मोजून आणि तीन पत्रे लिहूनही जिथे ते सिद्ध होत नाही, तिथे बसून ती सांगण्यात पूर्वीची मजा राहिलेली नाही. एक मात्र कबूल केले पाहिजे, सरकारी बाजूने मला काडीचाही त्रास झाला नाही. पाच दिवसांच्या आत नोंद झाली, टेल अस वन्स या सरकारी सेवेवर एकदा माहिती भरली आणि पेन्शन, पासपोर्ट, लायसन्स सगळे आपापल्या जागी बंद झाले. बाबांच्या वेळी वारसनोंदीसाठी मी तीन सुट्ट्या खर्च केल्या होत्या, हे दाजींना ठाऊक आहे, कारण चौथ्या वेळी तेच गेले होते.

तरीही मी गटावर लिहिले ते पुण्याच्या बाजूनेच. २०१४ साली बाबा इस्पितळात असताना दाजींची अ‍ॅक्टिव्हा मी जवळच्या पे अँड पार्कमध्ये तीन दिवस ठेवली होती. तिथल्या माणसाने पावतीवरची वेळ पाहिली, माझ्या हातातली औषधांची पिशवी पाहिली आणि, 'पेशंट हाय ना? असू द्या, जाताना द्या काय द्यायचं ते,' असे म्हणून साठ रुपयांवर मला सोडले होते. मध्ये माणूस असण्याचा अर्थ हा आहे, असे मी लिहिले, आणि लिहून झाल्यावर मला बरे वाटले. दाजींचे उत्तर पाच मिनिटांत आले. त्या तीन दिवसांत अ‍ॅक्टिव्हाचा उजवा आरसा चोरीला गेला होता, आणि मी परत गेल्यावर तो त्यांनी स्वतःच्या पैशाने बसवला होता. मला वाईट वाटेल म्हणून अकरा वर्षे सांगितले नव्हते. मग ताईने लिहिले की, मेलेल्या माणसाच्या नावाने पत्र आले तर एवढे काय मनाला लावून घ्यायचे, इचलकरंजीच्या घराचे विजेचे बिल अजून आजोबांच्या नावाने येते आणि आपण ते भरतो. आजोबा १९८८ साली गेले. ते बिल आले की आई त्यावरचे नाव एकदा वाचते आणि मगच पैसे भरायला देते.

साठ पौंड भरून टाकायचे होते, असेही दाजींचे म्हणणे आहे, आणि व्यवहार म्हणून ते बरोबर आहे. क्रिमेटोरियमच्या अर्ध्या तासाच्या स्लॉटसाठी आम्ही मोजलेल्या रकमेपुढे साठ पौंड म्हणजे काहीच नव्हते. छप्पन्न वर्षांत मामांना एकदाही दंड झाला नव्हता, म्हणून भरले नाहीत, असे मी सगळ्यांना सांगत आलो. ते खरे आहे, पण पुरते खरे नाही.

मंगळवारी मी मिल्टन कीन्सहून इस्पितळात पोहोचलो, तेव्हा मामांनी मला पहिल्यांदा विचारले ते गाडीबद्दल. तिथे दोन तासांचीच परवानगी आहे, किल्ली कोटाच्या खिशात आहे, आत्ताच जाऊन काढून आण, असे ते म्हणाले. मी म्हणालो, 'असू द्या हो मामा, कोण काय करतंय.' संध्याकाळी त्यांनी पुन्हा विचारले, तेव्हा मी काढतो म्हणालो आणि काढली नाही. बुधवारी सकाळी त्यांनी नर्सला सांगितले. नर्सने मला सांगितले, आणि ती हसली, मीही हसलो. दर भारतभेटीत रिक्षावाल्यापासून भाच्यांपर्यंत सगळ्यांना शिस्तीवर व्याख्यान देणारा, लेनमध्ये गाडी चालवा म्हणून दाजींशी दोनदा भांडलेला माणूस मी. आणि माझ्या तोंडून निघाले ते, कोण काय करतंय. मामांनी हे वाक्य छप्पन्न वर्षांपूर्वी इचलकरंजीला ठेवून दिले होते. माझ्याबरोबर ते एकवीस वर्षे विनातक्रार राहत आले आहे, हे मला त्या सत्तावन्न तासांचा आकडा छापील पाहिल्यावर कळले.

नोटिशीवर दोन छायाचित्रे होती. दुसऱ्यात अंधारामुळे नंबरप्लेट आणि दिव्यांचे दोन ठिपके एवढेच दिसतात, तो मी. पहिल्यात सकाळचे ऊन आहे, आणि काचेमागे स्टिअरिंगच्या वर मामांची करड्या रंगाची लोकरी टोपी दिसते. त्यानंतरचा त्यांचा दुसरा फोटो कोणाकडेही नाही. मी ती नोटीस फाईलमध्ये जपून ठेवली आहे, आणि ज्या कॅमेऱ्याने तो काढला त्याला नावे ठेवत मी चार महिने पत्रे लिहीत होतो.

जूनच्या मध्याला सहावे पत्र आले. सद्भावना म्हणून ही मागणी रद्द करण्यात येत आहे, मात्र यापुढे आपण वाहनतळावरील वेळेच्या मर्यादेकडे लक्ष द्यावे, असे मामांना कळवले होते. ते कोणी वाचले, की कोणीच न वाचता यंत्रानेच ठरवले, हे कळायला मार्ग नाही. खाली सही नव्हती, संदर्भ क्रमांक होता. मी त्याचा फोटो काढून गटावर टाकला. दाजींनी विचारले, 'म्हणजे शेवटी पैसे भरावे लागले नाहीत ना?' मी नाही म्हणून लिहिले.

'मग बघ, चालते ना तिकडची सिस्टिम,' असे त्यांचे उत्तर आले, आणि त्याखाली सहा जणांचे अंगठे.