जाड ग्रिपने कोपर वाचत नाही

‘ग्रिपची सात सत्यं, जी दुकानदार तुम्हाला कधीच सांगणार नाहीत’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या बॅडमिंटनच्या ग्रुपांवर फिरतोय. आमच्या हॉलच्या ग्रुपवर आला तेव्हा मी तो सोडून दिला होता. पण तोच मेसेज वाचून आमच्या दाजींनी माझ्या अकरा वर्षांच्या भाचीच्या रॅकेटवर एकावर एक तीन ओव्हरग्रिप, म्हणजे मुठीवर गुंडाळायच्या पातळ पट्ट्या, चढवल्या. का, तर तिचा हात दुखत होता. आता गप्प बसणं जमणार नाही.

पहिलं ‘सत्य’ सगळ्यांत घातक आहे: ‘ग्रिप जितकी जाड, तितकं कोपर सुरक्षित. तीन ग्रिप चढवा, टेनिस एल्बो विसरा, फिजिओचे पैसे वाचवा.’

याचं मूळ टेनिसमध्ये आहे. तिथे रॅकेटच्या मुठीचं माप ठरवायची एक जुनी पद्धत आहे, अमेरिकेतले अस्थिरोगतज्ज्ञ रॉबर्ट निर्शल यांच्या नावाने ओळखली जाणारी. तळहातावरच्या आडव्या रेषेपासून अनामिकेच्या टोकापर्यंतचं अंतर मोजायचं आणि तेवढ्या घेराची मूठ घ्यायची. त्यातून पुढे ‘बारीक मूठ म्हणजे दुखणं, जाड मूठ म्हणजे आराम’ असा समज पसरला. २००६ साली अमेरिकन जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये हॅच, जोब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मापाची परीक्षाच घेतली. कॉलेज पातळीवरचे १६ टेनिसपटू, एकहाती बॅकहँड आणि तीन मुठी: एक निर्शलच्या मापाची, एक पाव इंच बारीक, एक पाव इंच जाड. हाताच्या स्नायूंत बारीक तारांचे इलेक्ट्रोड घालून कुठला स्नायू किती काम करतो ते मोजलं. मुठीच्या मापाने लक्षणीय फरक पडला नाही. टेनिस एल्बोत कोपराच्या बाहेरच्या बाजूला ज्या स्नायूचं मूळ दुखतं, त्याच्यातही नाही.

हे खेळाडू ठणठणीत होते आणि अभ्यासात दुखापती मोजल्या नव्हत्या, हे मान्य. पण ‘जाडी वाढवली की स्नायूंवरचा ताण उतरतो’ हेच तर मेसेज छातीठोकपणे सांगतोय, आणि नेमकं तेच तिथे दिसलं नाही.

आता जरा हिशोब करा. पाव इंच म्हणजे सहा मिलिमीटरहून थोडं जास्त. योनेक्स कंपनीची ‘सुपर ग्रॅप’ ही नेहमीची ओव्हरग्रिप ०.६ मिलिमीटर जाड असते. ती एकदा गुंडाळली की मुठीचा घेर जवळपास ४ मिलिमीटरने वाढतो, कडा एकमेकींवर चढतात ते वेगळंच. तीन गुंडाळल्या की ११ च्या आसपास. ताणल्यावर पट्टी थोडी बारीक होते हे धरलं, तरी मोठ्या माणसांना दिलेल्या जास्तीत जास्त जाडीच्या बरंच पुढे आपण एका लहान मुलीच्या हाताला नेतोय.

शिवाय हा टेनिस नाही. टेनिसचा चेंडू ५६ ते ५९.४ ग्रॅमचा, आपलं फूल (शटल) ४.७४ ते ५.५० ग्रॅमचं. बॅडमिंटनमध्ये रॅकेट बोटांत सैल धरायची आणि फटक्याच्या क्षणी आवळायची, बराचसा झटका त्या आवळण्यातून येतो. मूठ जाड झाली की लहान बोटं तिच्याभोवती पुरती वळत नाहीत. मग रॅकेट सुटू नये म्हणून पोरगी ती सतत घट्ट धरून ठेवते. हाताची मूठ आवळली की मनगट सावरणारे कोपराखालचे स्नायूही आवळले जातात. ज्यांना विश्रांती द्यायची, तेच कामाला जुंपले गेले.

भाचीची रॅकेट मी हातात घेतली तेव्हा मूठ लाटण्यासारखी गोल लागत होती. रॅकेटची मूठ अष्टकोनी असते ती उगाच नाही. बॅकहँडला अंगठा रुंद बाजूवर टेकवायचा असतो, आणि ती बाजू न बघता, कडांच्या स्पर्शावरून सापडावी लागते. ही पोर नेटजवळ दर फटक्याआधी खाली मुठीकडे बघत होती. तिन्ही पट्ट्या उलगडल्या तर आतली ओलसर, अंगठ्याच्या जागी काळी पडलेली आणि कुबट वासाची. एकच नवी पातळ ग्रिप चढवली आणि ताईला सांगितलं, हात डॉक्टरांना दाखव. टेनिस एल्बो हे मुख्यतः तिशी ते पन्नाशीतलं दुखणं आहे. अकरा वर्षांच्या मुलांत कोपराच्या हाडांची टोकं अजून वाढत असतात आणि तिथली वाढीची कूर्चा नाजूक असते. मुलाचं कोपर दुखत राहिलं तर तपासणीच हवी. ‘फिजिओचे पैसे वाचवा’ लिहिणाऱ्याने हा विचार केला होता का?

दुसरं, ‘मूळ ग्रिप काढू नका, तोल बिघडतो.’ मूळ ग्रिप म्हणजे रॅकेटबरोबरच आलेली. यात अर्धं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. मुठीवरचं वजन कमी झालं की तोल रॅकेटच्या डोक्याकडे सरकतो. पण मग तीन ग्रिप चढवल्यावर तो उलट मुठीकडे सरकतो, त्याचं काय? पहिल्या मुद्द्यात जे करायला सांगितलं त्याचाच दोष दुसऱ्या मुद्द्यात! कितीतरी चांगले खेळाडू मूळची जाड ग्रिप काढून टाकतात आणि थेट लाकडावर पातळ ओव्हरग्रिप लावतात. हात लहान असेल तर हाच सरळ उपाय आहे.

तिसरं, ‘जी ५ ही जी ४ पेक्षा मोठी.’ हे रॅकेटवर छापलेले मुठीच्या मापाचे आकडे. चूक. योनेक्सच्या बॅडमिंटन रॅकेटवर आकडा वाढतो तशी मूठ बारीक होते. टेनिसमध्ये आकड्याबरोबर मूठ वाढते, तिथूनच हे उचललेलं दिसतं. ऑनलाइन मागवणाऱ्यांनी लक्षात ठेवा. चौथं, अनामिकेवरून मूठ निवडायचं ते वरचं माप: टेनिससाठी अंदाज म्हणून ठीक, बॅडमिंटनच्या मुठी मुळातच त्याहून बारीक असतात.

पाचवं, ‘ग्रिप घसरते? टाल्कम पावडर चोळा.’ कृपा करून नको. पीयूच्या (पॉलियुरेथेन या प्लास्टिकच्या) ग्रिपवर टाल्कम चोळलं की तिची पकड उलट जाते. वर ती पावडर लाकडी कोर्टवर सांडते आणि त्यावरून दुसऱ्याच कुणाचा पाय सरकतो. टॉवेलसारख्या कापडाच्या ‘टॉवेल ग्रिप’साठी ग्रिप पावडर वेगळी मिळते.

सहावं, ‘टॉवेल ग्रिप जुनाट झाली.’ इंडोनेशिया-चीनचे खेळाडू ती वर्षानुवर्षं वापरत आलेत. तळव्यांना फार घाम येत असेल तर तिच्यासारखी घाम शोषणारी ग्रिप नाही. ती जाड असते, म्हणून आधी मूळ ग्रिप काढा. मळते लवकर, हे खरं.

सातवं, ‘वर्षातून एकदा ग्रिप बदला.’ कॅलेंडरवर कशाला ठरवता? मुंबई-कोकणातल्या दमट हॉलमध्ये रोज खेळणाऱ्याची ओव्हरग्रिप महिनाभरही टिकत नाही, रविवारी एखादा गेम खेळणाऱ्याची कितीतरी जास्त टिकते. चकाकायला लागली, कडक झाली, घामात फिरायला लागली की काढा. पिसांच्या फुलांच्या एका डब्याच्या पैशांत कितीतरी ओव्हरग्रिप येतात. जुनी पूर्ण उलगडा, चिकटपट्टीचे उरलेले तुकडे खरवडा, लाकूड दमट लागलं तर रात्रभर पंख्याखाली ठेवा आणि मगच नवी चढवा. डावखुऱ्यांनी उलट दिशेने गुंडाळा, नाहीतर बोटांच्या घर्षणाने कडा उचलल्या जातात.