सरांकडे कायदा शिकायला जाताय? दाभण घेऊन जा

अभिनंदन! लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहात, कॉलेजने इंटर्नशिपचा फॉर्म हातात टेकवलाय आणि काकांच्या ओळखीने पुण्यात शिवाजीनगर कोर्टाजवळच्या एका वकील सरांच्या ऑफिसातून "उद्यापासून ये" असा निरोप आलाय. बार कौन्सिलच्या (वकिली आणि तिच्या शिक्षणाचे नियम करणारी संस्था) 2008 च्या नियमांत तीन वर्षांच्या कोर्सला किमान 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला 20 आठवडे इंटर्नशिप सांगितलीये, वर्षात सलग चार आठवड्यांच्या वर नको असंही लिहिलंय. हे शेवटचं सरांपुढे बोलू नका. सरांच्या मते चार आठवड्यांत माणसाला फक्त स्टेपलर कुठे ठेवलाय ते कळतं, आणि मी तीन महिने काढून सांगतो, बरोबर आहे त्यांचं.

परदेशी सिरियल बघून "मी पॅरालीगल म्हणून जॉइन झालो" असं स्टेटस टाकायचं असेल तर टाका, पण आपल्याकडे पॅरालीगल म्हटलं की विधी सेवा प्राधिकरणाचे स्वयंसेवक, आणि त्यांना निदान ओळखपत्र तरी असतं. तुम्ही म्हणजे "तो सरांकडचा पोरगा".

पुस्तकं नेऊ नका. नेलीतच तर सीपीसी, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहिता न्या, जाड आहे, पंख्याखाली उघडी फाइल उडत नाही. खरं शस्त्र म्हणजे दाभण. दाव्याच्या फाइलला भोकं पाडायची, दोरा ओवायचा, पानांवर नंबर टाकायचे, मग सर येऊन म्हणणार "अरे बाळा, सातबारा मध्ये घालायचा राहिला", की परत सगळं उसवायचं आणि पान 14 पासून पुढे नंबर खोडून नवे टाकायचे, आणि हे चार सेटवर, कारण कोर्टाचा एक आणि प्रतिवादी तीन. कॉलेजात ज्याने घटनेच्या मूलभूत चौकटीवर मूट कोर्ट (लुटुपुटीच्या खटल्याची स्पर्धा) जिंकलंय त्याला हे काम खास चांगलं जमतं असं माझं निरीक्षण आहे (मी उपविजेता होतो, माझे दोरे अजून सुटतात).

गुरू कोण ते मात्र वेळीच ओळखा. सर नाहीत. गुरू म्हणजे ऑफिसातले कारकून काका, ज्यांनी लॉ कॉलेजचं गेटही बघितलेलं नाही. कॉलेजात तुम्ही ऑर्डर 39, तात्पुरता मनाई हुकूम, प्रथमदर्शनी केस, सोयीचा समतोल असं सगळं घोकून पास झालात ना, काका तेच दोन शब्दांत विचारतात, "पाच झाला?" म्हणजे निशाणी 5 च्या अर्जावर, त्याच मनाई हुकुमाच्या अर्जावर, ऑर्डर झाली का. शिरस्तेदार मॅडमकडे जेवणाच्या सुट्टीआधी जायचं की नंतर, नक्कल विभागात कोणत्या वारी गर्दी नसते, समन्सचा भत्ता भरला नाही तर ते पोचवणारा बेलिफ कसा जागचा हलत नाही, हे ज्ञान कुठल्याही युनिव्हर्सिटीत मिळत नाही. काकांना रोज एक चहा पाजा, स्वतःच्या पैशाने. याला फी समजा.

मुदतींबद्दल जरा जपून. तुम्ही वाचलेलं असतं की कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, 30 दिवसांत द्यायची, फार तर 90. कोर्टाच्या व्हरांड्यात हे मोठ्याने म्हणून बघा, लोक तुमच्याकडे असं बघतील जसं वऱ्हाडात कोणीतरी मुहूर्तावर लग्न लावा म्हटल्यावर बघतात. सुप्रीम कोर्टानेच 2005 मध्ये सांगितलंय की साध्या दाव्यात ही मुदत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नाही, कोर्टाला वाढवता येते, पण फक्त अपवाद म्हणून. हा जो "अपवाद" शब्द आहे त्याचा मुदत अर्ज छापील मिळतो, काकांच्या ड्रॉवरमध्ये गठ्ठा आहे, तारीख आणि कारण तेवढं भरायचं.

अशिलांना शहाणपण शिकवू नका हेही सांगायला हवं. कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात 2004 पासून स्टॅम्प ड्युटी माफ आहे, साध्या कागदावर चालतं. तरी आजोबा 500 चा स्टॅम्प पेपर पिशवीत जपून घेऊन येतात (पूर्वी 100 चा आणायचे, 2024 मध्ये सरकारने बऱ्याच दस्तांची ड्युटी 100 वरून 500 केली). मी एकदा सांगितलं "आजोबा, लागत नाही हो", तर ते माझ्याकडे न बघता काकांना म्हणाले, "याला सोडून दुसरं कोणी आहे का?"

आता पैशाचा विषय. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये परिपत्रक काढून ज्युनियर वकिलांना शहरात महिना किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 द्यावेत अशी शिफारस केली. शिफारस हा फार गोड शब्द आहे. आणि ती सनदवाल्या, म्हणजे वकिलीचा परवाना असलेल्या ज्युनियरसाठी, तुम्ही तर त्या शिडीच्या खालच्या फरशीवर. मी सरांकडे भीत भीत विषय काढला तेव्हा सरांनी अगदी समोरच्या पार्टीसारखं म्हणणं द्यायला वेळ मागून घेतला. तो अजून चालूच आहे.

त्याच आठवड्यात एक सिक्युरिटी गार्ड आले होते, कंत्राटदाराने बारा-बारा तास ड्युटी करून घेतली, ओव्हरटाइम नाही, दोन महिन्यांचा पगार पण नाही. नोटीस टाइप करायला मी रात्री साडेनऊपर्यंत बसलो, सकाळी दहाला आलेलो, मध्ये एक वडापाव, तोही काकांनी दिला म्हणून. सरांनी ड्राफ्ट वाचला, लाल पेनाने "पिळवणूक" च्या आधी "अमानुष" घातलं, म्हणाले भाषेत आग पाहिजे. मी म्हटलं हो सर. तुम्हीही हो सर म्हणा, आणि ती नोटीस टाइप करताना स्वतःचं नाव चुकून अशिलाच्या जागी पडत नाहीये ना ते दोनदा बघा.

आणि मग एक दिवस तुमचं पदार्पण होईल. अकराला सरांचा फोन, "अरे मी हायकोर्टात आहे, पुकारा झाला की उभा राहा आणि तारीख घे." हायकोर्ट मुंबईला आणि फोनमध्ये मागून "दोन नंबरला एक्स्ट्रा पाव" असं ऐकू येतंय, ते मनावर घेऊ नका. सनद नसताना कोर्टापुढे बोलायचं नसतं हे तुम्हाला माहितीये, सरांना तर माहितीयेच, पण पुकारा झालेला असतो आणि अशील मागच्या बाकावरून तुमच्याकडे आशेने बघत असतो. मी उठलो. पांढरा शर्ट, घशाला कोरड. "साहेब, सर हायकोर्टात आहेत."

न्यायाधीश साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "तुम्ही वकील?"

"नाही साहेब, शिकतोय."

"काय शिकताय?"

"तारीख घ्यायला," निघून गेलं तोंडातून. कोर्टात हशा, साहेबही जरा हसले, मग विचारलं समोरच्यांची काही हरकत? समोरून जो उठला तो आमच्याच कॉलेजचा, माझ्या एक वर्ष पुढे, त्याचाही शर्ट घामाने चिकटलेला. हरकत नाही म्हणाला. त्याचेही सर हायकोर्टात होते, बहुतेक त्याच टेबलावर.